उंबरठ्यावरचं तर्कशास्त्र : गणित आणि तत्त्वज्ञान या दोन्ही घरांत वावरायचं असेल तर

महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीच्या गणिताच्या पुस्तकातला पहिला धडा असतो 'मॅथेमॅटिकल लॉजिक'. ट्रूथ टेबल भरायचे, स्विचिंग सर्किट काढायचं, हमखास मार्क पदरात पाडून घ्यायचे आणि मॅट्रिक्सकडे वळायचं. त्याच कॉलेजात आर्ट्सच्या मुलांना 'तर्कशास्त्र' नावाचा स्वतंत्र विषय घेता येतो. दोन्हीकडची मुलं एकाच वास्तूत दोन दारांनी शिरलेली असतात, पण हे त्यांना सहसा कुणी सांगत नाही. या विषयात आयुष्यभराची नोकरी करणारी माणसं जगात आहेत, हे तर त्याहून नाही.

हा लेख त्या थोड्या मुलामुलींसाठी आहे, जी मार्क मिळाल्यावरही त्या धड्यापाशी रेंगाळतात. 'खरं' आणि 'सिद्ध झालेलं' यांत फरक असतो का? अनंताला आकार असतो का? गणितातली सत्यं आपण शोधतो की रचतो? असे प्रश्न ज्यांचा पिच्छा सोडत नाहीत त्यांच्यासाठी, आणि 'पण याचं पुढे काय?' असं काळजीनं विचारणाऱ्या त्यांच्या पालकांसाठीही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. हा विषय गणित आणि तत्त्वज्ञान यांच्यामधल्या उंबरठ्यावरचा आहे. पण पदवी, पगार आणि बढती उंबरठा देत नाही, घर देतं. त्यामुळे आधी एका घरात पक्कं बिऱ्हाड करा, मग दुसऱ्या घरात जाणं-येणं ठेवा. दोन्ही घरांचे पाहुणे राहिलात, तर दोन्हीकडे फक्त चहा मिळेल.

लॉजिकवाला माणूस दिवसभर करतो काय?

एक उदाहरण घेऊ. 1, 2, 3… या मोजसंख्या अनंत आहेत. दशांश अपूर्णांकांसकट सगळ्या वास्तव संख्याही अनंत आहेत. गेओर्ग कँटोरनं दाखवलं की दुसरं अनंत पहिल्यापेक्षा मोठं आहे. मग या दोघांच्या मधल्या आकाराचं एखादं अनंत आहे का? नाही, असा कँटोरचा कयास होता. त्याला कंटिन्युअम हायपोथेसिस म्हणतात. 1900 मध्ये डेव्हिड हिल्बर्टनं गणितातल्या न सुटलेल्या प्रश्नांची प्रसिद्ध यादी मांडली, तेव्हा हा प्रश्न पहिल्या क्रमांकावर होता.

उत्तर आलं ते विचित्रच. कुर्ट गोडेलनं 1938च्या सुमारास दाखवलं की संचसिद्धान्ताची नेहमीची गृहीतकं वापरून हा कयास खोटा ठरवता येत नाही. 1963 मध्ये पॉल कोहेननं दाखवलं की त्याच गृहीतकांवरून तो खराही ठरवता येत नाही. त्यासाठी त्यानं 'फोर्सिंग' नावाचं नवं तंत्र काढलं आणि 1966 मध्ये त्याला फील्ड्स पदक मिळालं.

इथवर सगळं गणित आहे, आणि नेमका इथेच उंबरठा लागतो. सिद्धही होत नाही आणि खोडूनही काढता येत नाही, अशा विधानाला मुळात उत्तर असतं का? की आपली गृहीतकंच अपुरी आहेत, आणि नवी गृहीतकं शोधली तर उत्तर मिळेल? ह्यू वुडिन या नामांकित संचशास्त्रज्ञाचं बरंचसं काम दुसऱ्या दिशेनं चाललं आहे. त्यांचे विद्यार्थी जोएल डेव्हिड हॅमकिन्स मात्र म्हणतात की संचांचं विश्व एकच नाही, अनेक आहेत. काहींत तो कयास खरा, काहींत खोटा, आणि हीच परिस्थिती म्हणजे प्रश्नाचं उत्तर. गुरू आणि शिष्य यांची मतं अशी दोन टोकांना असूनही दोघांची आयुधं एकच, फोर्सिंग आणि मोठमोठी अनंतं. प्रमेयाचा आधार नसेल तर या वादात कुणी तुमचं ऐकून घेत नाही, आणि वादाची जाण नसेल तर कोणतं प्रमेय महत्त्वाचं हे कळत नाही. या क्षेत्रातलं रोजचं काम असं दोन्हीकडचं असतं.

एका वाटचालीकडे नीट पाहा

हॅमकिन्स यांचीच कारकीर्द घ्या. कॅलटेकमधून पदवी, 1994 मध्ये बर्कलीतून वुडिन यांच्याकडे गणितात पीएचडी. 1995 पासून न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत, म्हणजे 'क्यूनी'त, गणिताचे प्राध्यापक. तिथे त्यांनी वर्षानुवर्षं संचसिद्धान्तावर शोधनिबंध लिहिले. अनेक विश्वांची कल्पना मांडणारा त्यांचा गाजलेला निबंध 2012 मध्ये आला. 2018 मध्ये ऑक्सफर्डनं त्यांना लॉजिकचे प्राध्यापक म्हणून बोलावलं आणि ते तत्त्वज्ञानाच्या घरात गेले. 2022 पासून ते अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात लॉजिकचे प्राध्यापक आहेत. गणिताच्या तत्त्वज्ञानावरचं त्यांचं पाठ्यपुस्तक 2021 मध्ये आलं.

वर्षांकडे बघा. पीएचडी ते ऑक्सफर्ड, मध्ये 24 वर्षं. तत्त्वज्ञानाचं दार उघडलं ते गणितातलं नाव पक्कं झाल्यावर. आणखी एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. व्यावसायिक गणितज्ञ एकमेकांना प्रश्न विचारतात त्या 'मॅथओव्हरफ्लो'वर हॅमकिन्स यांनी अक्षरशः शेकडो प्रश्नांची उत्तरं दिली. अनंत पटावरचं बुद्धिबळ या मजेशीर वाटणाऱ्या विषयावरही त्यांनी गंभीर संशोधन केलं. छोट्या क्षेत्रात माणूस ओळखला जातो तो असा, दुसऱ्याच्या अडचणीत हात घालून.

'क्यूनी'तलंच दुसरं नाव आपल्या जवळचं आहे. रोहित पारिख यांचा जन्म 1936 मध्ये गुजरातेत पालनपूरला झाला. 1962 मध्ये त्यांनी हार्वर्डमधून गणितात पीएचडी केली. संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात त्यांच्या नावाचं प्रमेय आजही शिकवतात. पुढे गणित, तत्त्वज्ञान आणि संगणकशास्त्र अशा तिन्ही विभागांत त्यांचा वावर राहिला. त्यांचीही सुरुवात एकाच घरातून झाली होती.

दुसऱ्या दारानं आलेले

वाट उलटीही असते. पेनेलोपी मॅडी यांनी 1979 मध्ये प्रिन्स्टनमधून तत्त्वज्ञानात पीएचडी केली. पण त्यांचं संचसिद्धान्ताचं ज्ञान इतकं पक्कं होतं की नवी गृहीतकं का मानावीत यावरचा त्यांचा 1988 चा दीर्घ निबंध 'जर्नल ऑफ सिम्बॉलिक लॉजिक'नं छापला आणि गणितज्ञांनीही तो वाचला. हिलरी पटनम हे मूळचे तत्त्वज्ञ. हिल्बर्टच्या यादीतला दहावा प्रश्न 1970 मध्ये निकालात निघाला, त्या कामातल्या चौघांपैकी ते एक.

आपल्याकडचं उदाहरण बिमल कृष्ण मतिलाल यांचं. कोलकात्यात त्यांनी परंपरेनं न्यायशास्त्र शिकलं आणि शिकवलं. मग ते हार्वर्डला गेले, तिथे क्वाइन यांच्यासारख्यांकडे आधुनिक तर्कशास्त्र शिकले, न्यायशास्त्राच्या 'नव्यन्याय' शाखेतल्या अभावाच्या सिद्धान्तावर पीएचडी केली आणि 1976 मध्ये ऑक्सफर्डमध्ये स्पॉल्डिंग प्राध्यापक झाले. संस्कृत येणाऱ्या मराठी विद्यार्थ्यानं या वाटेचा विचार जरूर करावा. पुण्याचे सुरेंद्र बारलिंगे यांनी भारतीय तर्कशास्त्रावर 1965 मध्येच इंग्रजीतून पुस्तक लिहिलं होतं, आणि पुणे विद्यापीठाच्या 'परामर्श'मधून असे विषय मराठीतही हाताळले गेले आहेत. नव्यन्याय आणि आधुनिक लॉजिक दोन्ही मुळातून वाचू शकणारी माणसं जगात फार थोडी आहेत.

दोन इशारेही देतो. सॉल क्रिपके यांनी विशीच्या आत मोडल लॉजिकवरचं मूलभूत संशोधन छापलं आणि पीएचडी न करताच ते जगन्मान्य झाले. त्यांचं कौतुक करा, अनुकरण करू नका. दुसरा इशारा जुलिया रॉबिन्सन यांचा. दहाव्या प्रश्नाच्या उत्तरात त्यांचा वाटा मोलाचा होता. पण पती बर्कलीच्या गणित विभागात असल्यामुळे, नातेवाइकांना एकाच विभागात न घेण्याच्या नियमापायी त्यांना तिथे वर्षानुवर्षं नोकरी मिळाली नाही. पूर्ण प्राध्यापकपद मिळालं ते सत्तरच्या दशकात, राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवड झाल्यानंतर. तो नियम गेला, पण एकाच क्षेत्रातल्या नवरा-बायकोला एका गावात नोकरी मिळण्याचा प्रश्न आजही आहे. छोट्या क्षेत्रात तो जास्तच टोचतो.

घर कोणतं निवडाल?

खरं तर घरं दोन नाहीत, तीन आहेत.

*गणित विभाग.* इथे प्रमेय हे चलन. संचसिद्धान्त, मॉडेल थिअरी, प्रूफ थिअरी, कम्प्युटेबिलिटी या लॉजिकच्या चार मुख्य शाखा. निबंध नेमके असतात, सहलेखकांची नावं सहसा वर्णानुक्रमे लागतात, पुस्तकापेक्षा निबंधाला जास्त वजन. अडचण एकच. बऱ्याच गणित विभागांत लॉजिकवाला एखादाच असतो किंवा नसतोच, त्यामुळे जागा कमी. पण नोकरी मिळाली की तुम्ही कॅल्क्युलस आणि लिनिअर अल्जिब्राही शिकवू शकता, हा मोठा आधार.

*तत्त्वज्ञान विभाग.* इथे युक्तिवाद हे चलन. निबंध लांब असतात, आक्षेप आधीच ओळखून त्यांना उत्तरं द्यावी लागतात, पुस्तकाला मान आहे. प्लेटो, कांट, नीतिशास्त्र असं सगळं शिकवण्याची तयारी लागते. फक्त प्रमेयं लिहिणाऱ्याकडे 'मग यात तत्त्वज्ञान कुठे आहे?' अशा नजरेनं पाहिलं जातं.

*संगणकशास्त्र विभाग.* भारतात आज लॉजिकचं बरंचसं जिवंत काम इथे चालतं. चेन्नईतली गणितीय विज्ञान संस्था आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट, मुंबईत टीआयएफआर आणि आयआयटी ही त्यातली प्रमुख ठिकाणं. प्रोग्रॅम बरोबर चालतो हे गणितानं सिद्ध करणं हा इथला मध्यवर्ती प्रश्न. जागाही तुलनेनं जास्त.

निवड कशी करायची? एक चाचणी सांगतो. वास्तव संख्यांची यादी करता येत नाही हे दाखवणारी कँटोरची 1891 ची कर्णाची सिद्धता शोधून काढा आणि ती आपल्या शब्दांत, मराठीत, घरातल्या कुणाला तरी समजावून द्या. सिद्धतेतली चतुराई पाहूनच मन भरलं, तर तुम्ही गणिताचे. सिद्धतेपेक्षा 'मुळात या सगळ्या संख्या एकत्र अस्तित्वात आहेत म्हणजे काय?' हाच प्रश्न डोक्यात राहिला, तर तत्त्वज्ञानाचे. 'यासाठी यंत्राला काय काय सांगावं लागेल?' असं वाटलं, तर संगणकाचे. चाचणी घरगुती आहे, पण यात तुमचा ओढा तुमचा तुम्हाला कळतो, आणि तो विभागाच्या मोठ्या नावापेक्षा जास्त काळ टिकतो.

इथून सुरुवात कशी करायची

बीएस्सीला गणित घेतलं असेल तर आधी अॅनालिसिस आणि अल्जिब्रा पक्कं करा. लॉजिकच्या ओढीनं या पायाकडे दुर्लक्ष करणं ही नवख्यांची नेहमीची चूक. त्याच्या जोडीला एंडरटन यांचं लॉजिकचं पुस्तक किंवा भारतीय सांख्यिकी संस्थेतल्या एस. एम. श्रीवास्तव यांचा गणितीय लॉजिकवरचा ग्रंथ घ्या आणि उदाहरणं सोडवत वाचा. तत्त्वज्ञानासाठी स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञानकोश इंटरनेटवर मोफत आहे. एका विषयावरची एक नोंद पूर्ण वाचायची आणि दोन पानांचं टिपण लिहायचं, असं महिन्याला एक केलं तरी वर्षाला बारा टिपणं होतात. तत्त्वज्ञानाचा अर्ज करायची वेळ येईल तेव्हा हीच टिपणं उपयोगी पडतील.

आर्ट्सच्या मुलांनी बारावीला गणित सोडलं असेल, तर ते पुन्हा धरायला उशीर झालेला नाही, पण ते धरावं लागेलच. सिद्धता लिहिण्याची सवय नसेल, तर परदेशातल्या चांगल्या लॉजिक अभ्यासक्रमाचं दार उघडत नाही.

उन्हाळी सुट्टी वाया घालवू नका. 1993 पासून चालू असलेल्या 'एमटीटीएस' शिबिरात सिद्धता स्वतः शोधायला लावतात. पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे, श्रीराम अभ्यंकरांनी 1976 मध्ये स्थापलेलं. असोसिएशन फॉर लॉजिक इन इंडिया ही संस्था दर दोन वर्षांनी परिषद घेते आणि विद्यार्थ्यांसाठी वर्गही भरवते. या परिषदांची सुरुवात 2005 मध्ये आयआयटी मुंबईत झाली. अशा ठिकाणी एकदा जाऊन या. देशातले बहुतेक लॉजिकवाले एकाच मांडवात भेटतात.

भारतातच राहून प्राध्यापक व्हायचं असेल, तर एक कोरडं वास्तव लक्षात ठेवा. सहायक प्राध्यापकाच्या जागेसाठी संबंधित विषयातली पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट किंवा पीएचडी लागते. गणिताच्या सीएसआयआर-नेटमध्ये प्राथमिक संचांपलीकडे लॉजिक जवळजवळ विचारत नाहीत. तत्त्वज्ञानाच्या नेटमध्ये तर्कशास्त्र आहे. म्हणजे एम.एस्सी. गणितात आणि पीएचडी तत्त्वज्ञानात, अशी मिसळ असेल तर 'संबंधित विषय' कोणता, हा प्रश्न छाननीत निघू शकतो. वाट बदलण्याआधी हे विचारून घ्या, नंतर नाही. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर 2023 पासून पहिली दोन वर्षं दरमहा 37,000 रुपये आणि पुढे 42,000 रुपये, शिवाय नियमानुसार घरभाडं मिळतं.

बाहेर जायचं असेल तर

लॉजिकच्या नावानंच पदवी देणारी मोजकी ठिकाणं आहेत. अॅमस्टरडॅमचा दोन वर्षांचा 'मास्टर ऑफ लॉजिक' सर्वांत प्रसिद्ध. गणित, तत्त्वज्ञान, भाषाशास्त्र आणि संगणक या सगळ्या बाजू तिथे एका छताखाली आहेत. म्युनिकच्या एलएमयू विद्यापीठात लॉजिक आणि विज्ञानाचं तत्त्वज्ञान यांचा एमए आहे. पीएचडीसाठी अमेरिकेत बर्कलीचा 1957 पासूनचा आंतरविभागीय गट आहे, आल्फ्रेड टार्स्की यांच्या परंपरेतला. कॅलिफोर्नियातल्याच अर्व्हाइनला लॉजिक आणि विज्ञानाचं तत्त्वज्ञान असा स्वतंत्र विभाग आहे. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलनमध्ये तत्त्वज्ञान विभागातच जोरकस लॉजिक चालतं.

पैशांचं गणित सरळ आहे. अमेरिकेतल्या चांगल्या पीएचडीत फी माफ होते, शिकवण्याच्या बदल्यात विद्यावेतन मिळतं आणि पाच-सहा वर्षं लागतात. नेदरलँड्समध्ये पीएचडी ही चक्क पगारी नोकरी असते, साधारण चार वर्षांची. मास्टर्सचा खर्च मात्र बहुधा स्वतःचा. अॅमस्टरडॅमला युरोपबाहेरच्यांची फी बरीच जास्त आहे. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाममात्र, पण व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम बँकेत आधी दाखवावी लागते. केवळ मास्टर्ससाठी मोठं कर्ज काढायचं असेल, तर दहादा विचार करा.

अमेरिकेतल्या पीएचडीचे अर्ज बहुतेक डिसेंबर-जानेवारीत बंद होतात, म्हणून तयारी जूनमध्ये सुरू करा. गणिताच्या अर्जात तुम्ही केलेले अवघड विषय आणि शिफारसपत्रं बोलतात. तत्त्वज्ञानाच्या अर्जात पंधरा-वीस पानांचा लेखननमुना निर्णायक ठरतो. शिफारसपत्र देणाऱ्या सरांना किंवा मॅडमना तुम्ही वर्गातला रोल नंबर म्हणून नव्हे, तर एखादा प्रकल्प त्यांच्याबरोबर केलेला विद्यार्थी म्हणून माहीत असायला हवं. 'हा मुलगा कष्टाळू आणि नम्र आहे' एवढ्या पत्रानं काही होत नाही. 'याने अमुक सिद्धतेतली माझी चूक दाखवली' हे वाक्य दहा विशेषणांपेक्षा भारी. ही पत्रं घाईनं मागू नका, निदान सहा आठवडे आधी मागा.

पीएचडीनंतरची खरी परीक्षा

पीएचडीनंतर लगेच कायम नोकरी मिळेल, असं धरून चालू नका. एक, दोन, कधी तीन पोस्टडॉक, म्हणजे मुदतीच्या संशोधन-नोकऱ्या, प्रत्येक वेळी नवं शहर, बऱ्याचदा नवा देश. अमेरिकेत प्राध्यापकी मिळाली तरी कायम होण्याआधी साधारण सहा वर्षं परीक्षेची. म्हणजे तिशीचा बराचसा भाग अस्थिरतेत जातो. लग्न, मुलं, आई-वडिलांचं आजारपण, सगळं याच वर्षांत येतं. घरच्यांशी याबद्दल मोकळेपणानं आधीच बोलून घ्या. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी बोलण्यापेक्षा बारावीनंतर बोललेलं बरं.

दुसरी वाटही तयार ठेवा. ती पडती बाजू नव्हे. गेल्या दशकात 'लीन'सारख्या प्रूफ असिस्टंटमुळे संगणकाकडून सिद्धता तपासून घेणं मुख्य प्रवाहात आलं आहे. कार्नेगी मेलनचे जेरेमी अॅव्हिगाड हे गणित आणि तत्त्वज्ञान या दोन्ही विभागांत असून याच क्षेत्रात आघाडीवर आहेत. चिप बनवणाऱ्या आणि क्लाउड चालवणाऱ्या मोठ्या कंपन्या फॉर्मल व्हेरिफिकेशनसाठी लॉजिक शिकलेल्यांना नोकऱ्या देतात. पीएचडी करतानाच लीन शिकून घ्या. त्यानं संशोधन सुधारतं आणि पोटाचीही सोय होते.

पालकांना एवढंच सांगायचं आहे. या क्षेत्रात जागा कमी आहेत, वेळ फार लागतो आणि पैसा मध्यम मिळतो. पण नेमका विचार करणं, नेमकं लिहिणं आणि चूक कबूल करणं या तीन सवयी या शिक्षणातून लागतात, आणि त्या कुठल्याही नोकरीत चालतात. मुलाचं मन या विषयात असेल तर अडवू नका, फक्त दुसरी वाट शाबूत आहे ना, एवढं विचारत राहा.

आणि तुम्ही, जे अजून त्या पहिल्या धड्यापाशी रेंगाळताय, आज एक काम करा. कर्णाची सिद्धता एका कागदावर, पुस्तक न पाहता लिहा. अडलात तर उद्या पुन्हा लिहा. आठवड्यानंतरही ती लिहावीशी वाटत असेल, तर घर निवडायला हरकत नाही.